त्या मुत्सद्द्याचा डावा पाय

मी वर्गात फार चांगलं शिकवायचो, असं माझे जुने विद्यार्थी अजून सांगतात. कुणी लग्नात भेटतो, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात रक्तदाब मोजायला शेजारी बसलेला असतो, आणि म्हणतो, सर, तुमची ती फ्रेंच राज्यक्रांती अजून डोळ्यांपुढे आहे. असं कुणी म्हटलं की मी विषय बदलतो. बायकोला वाटतं हा विनय आहे. विनय कसला आलाय! त्या राज्यक्रांतीत मी एका भल्या माणसाची चाल चोरून विकली होती, आणि तो जिवंत असेपर्यंत त्याची माफी मागण्याची हिंमत मला झाली नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस नागपुरातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागलो. उमरेडहून एसटीनं येऊन-जाऊन शिकलेला मी. अंगात मस्ती भरपूर आणि अभ्यास बेताचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला युरोपचा इतिहास होता आणि माझा तास जेवणानंतरचा, पत्र्याच्या खोलीत. त्यात ती फ्रेंच नावं! मी ती इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचायचो, मराठी पाठ्यपुस्तकात ती निराळीच छापलेली असायची आणि आमचे विभागप्रमुख तिसराच उच्चार करायचे. शेवटी मी नावंच सोडून दिली आणि सगळ्यांना टोपणनावं दिली. रोज कुणाला तरी गिलोटिनवर पाठवून शेवटी स्वतःच तिथं गेलेला तो 'हिरव्या चष्म्याचा वकील'. सगळ्यांची गुपितं जमवून बसलेला तो 'पोलीसमंत्री'. आणि राजा, क्रांती, सम्राट, पुन्हा राजा अशा सगळ्यांच्या पदरी राहून दरवेळी मंत्री किंवा राजदूत म्हणून वर आलेला, एका पायानं अधू असलेला परराष्ट्रमंत्री, तो 'लंगडा'.

पोरांना हे फार सोपं पडलं. इतकं की विद्यापीठाच्या परीक्षेत एकानं सरळ लिहून दिलं, 'लंगडा व पोलीसमंत्री दोघे मिळून नव्या राजाकडे गेले.' पेपर तपासणाऱ्या बाईंनी त्यावर लाल शाईनं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली आणि स्वतःच सगळ्यांपेक्षा जास्त हसलो.

लंगडा हे नाव माझं, पण तो माणूस मला दिला आमच्या ग्रंथपालांनी.

ग्रंथपाल माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. जरीपटका वस्तीच्या अलीकडे राहायचे. लहानपणी ताप आला आणि त्यांचा एक पाय गेला, वाळला. चालताना दर पावलाला ते त्या गुडघ्याच्या वर हात दाबायचे, मग खांदा खाली जायचा आणि पाय पुढे यायचा. ग्रंथालयाच्या लांब खोलीत तो आवाज ओळखीचा होता, एक पाऊल टेकलेलं, एक ओढलेलं. छप्पन साली त्यांचं सगळं घर बौद्ध झालं. एकदा चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं होतं. म्हणाले, "दीक्षेच्या दिवशी मी घरून पायी गेलो, सर. भाऊ म्हणे, सायकलवर बस. मी म्हटलं, नाही. बाकीच्यायले जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट मले लागला, पण पोचलो. तवापासून चालाची लाज नाही वाटत मले."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्यात एवढं काय आहे, असंच मला वाटलं होतं.

तर एका दुपारी मी तास संपवून ग्रंथालयात आलो तेव्हा ते हसून म्हणाले, "काहून सर, पोरं झोपून राहिले म्हणते तुमच्या तासाले?"

मी म्हणालो, "पत्र्याखाली बसवलं तर देवही झोपन."

त्यांनी मागच्या कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. कुणा गोऱ्या साहेबाच्या संग्रहातून आलेलं, कडेला वाळवी लागलेलं. "हे वाचा. आपल्या मुत्सद्द्याचं चरित्र आहे. मी दोनदा वाचलं. भलता माणूस आहे हा."

ते त्याला कधीच लंगडा म्हणाले नाहीत. 'आपला मुत्सद्दी' म्हणायचे. आणि मी त्यांच्यासमोर सरळ 'तो लंगडा' म्हणून जायचो; जीभ चावायचंही कधी सुचलं नाही.

पुस्तक मी अर्धंमुर्धं वाचलं. बाकीचं ग्रंथपालांनीच सांगितलं, टेबलाच्या कडेला टेकून, कार्डांवर आकडे टाकता टाकता. पाय अधू म्हणून बापानं त्याचा थोरलेपणाचा हक्क काढून घेतला आणि फौजेऐवजी त्याला चर्चमध्ये ढकललं. मनात नसताना तो बिशप झाला. पुढं परराष्ट्रमंत्री झाला. फ्रान्स हरलं तेव्हा जिंकलेल्यांच्या परिषदेत हरलेल्यांचा वकील म्हणून गेला आणि बघता बघता त्यांच्या बरोबरीनं खुर्ची टाकून बसला. ग्रंथपालांचा सगळ्यात आवडता प्रसंग दुसराच होता. एकदा सम्राट त्याच्यावर भयंकर चिडला आणि भर दरबारात, सगळ्या मंत्र्यांदेखत, त्याला वाटेल ते बोलला. पायावरून बोलला, बायकोवरून बोलला. हा नुसता उभा राहिला, कोपर टेकून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

"बसला नाही, सर," ग्रंथपाल म्हणायचे. "पाय दुखत असन नं त्याचा? पण बसला नाही. अन् एक शब्द बोलला नाही."

तो फितूर होता, पैसेखाऊ होता, हे मी म्हटलं तर ते मान डोलवायचे. "होता नं. मी कुठं नाही म्हणतो? पण त्याले पाहून कोणी आधी पायाकडं पाहत होते, अन् मंग त्याचं बोलणं ऐकून पाय विसरत होते. हे सोपं नसते."

आता मी काय केलं ते सांगतो.

त्याच वर्षी हिवाळ्यात, एका दुपारी वर्ग अगदीच पेंगत होता. मी सम्राटाच्या दरबाराचं वर्णन करत होतो. मागच्या बाकावरचा एक जण तर उघड घोरत होता. मला राग आला, आणि का कोण जाणे, मी चबुतऱ्यावरून खाली उतरलो, गुडघ्यावर हात दाबला आणि खांदा पाडत, पाय ओढत दोन बाकांच्या मधून चालत गेलो. म्हणालो, "असा आला तो दरबारात."

मग जो हशा उसळला तो बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. घोरणारा उठून बसला होता.

ती चाल पुस्तकात नव्हती. ती मला येत होती, कारण ती मी रोज बघत होतो. पोरांनाही कळलं. त्या हशात जो एक दबका, चोरटा हशा होता, तो त्या ओळखीचाच होता, आणि मला तो ऐकू आला होता. मी स्वतःला सांगितलं की हे नाट्य आहे, शिकवण्याचं तंत्र आहे. मला हशा आवडला, एवढीच खरी गोष्ट होती.

मग दरवर्षी तो तास ठरून गेला. दुसऱ्या तुकडीतली पोरं खिडकीत येऊन उभी राहायची. कॉमर्सवाले यायचे. प्राचार्यांनीही एकदा पाठीवर थाप मारली. ग्रंथालय अंगणाच्या पलीकडे होतं. हशा तिथं जातच असणार. ग्रंथपालांनी एकदा विचारलंही, "काय शिकवता, सर, एवढं हसून राहिले ते?" मी म्हणालो, "तुमचा मुत्सद्दी." त्यांचा चेहरा खुलला. "हौ? पोरायले आवडला का?" मी म्हणालो, "फार." ते दिवसभर खुशीत होते.

तिसऱ्या वर्षी पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. काळी आणि पिवळी अशा दोन भल्याथोरल्या बायांचे पुतळे, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. वर्षभर ज्यानं ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडग्या करायचा. महागाईचा, रॉकेलच्या टंचाईचा, लाचखाऊ साहेबाचा. त्याला शिव्या घालत शहरभर मिरवायचं, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडायचं आणि शेवटी नेऊन जाळायचं.

माझ्या वर्गातली चार-पाच पोरं इतवारीतली होती आणि त्यांच्या मोहल्ल्याचा बडग्या दरवर्षी निघायचा. ती मला विचारायला आली. "सर, यंदा पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याचा करून राहिलो. पण थेट कोणाचा केला तर पोलीस उचलून नेतीन. काही आयडिया सांगा नं."

मला असा आनंद झाला की विचारू नका. माझा तास आता रस्त्यावर येणार होता! मी म्हणालो, "अरे, आपला लंगडा करा! सहा राजवटी बदलल्या त्यानं. एकावर एक सहा कोट घाला."

पोरं उड्या मारत गेली. आणि मी, शहाणा माणूस, ग्रंथपालांना आमंत्रण द्यायला गेलो. खरं सांगतो, त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांच्या आवडीचा माणूस, एवढ्या लांबून नागपूरच्या रस्त्यावर. बडग्याला पोरं काय चाल देतील याचा विचार माझ्या डोक्यात शिरलासुद्धा नव्हता.

त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. "बडगे जाळतेत नं, सर? काहून जाळता बिचाऱ्याले?"

"अहो, गंमत आहे. चला तर."

"बरं. येतो."

ते आले. पांढरा, इस्त्री केलेला बुशशर्ट घालून आले. इतवारीत एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या पायरीवर आम्ही जागा धरली. दुकानदार ओळखीचा होता, त्यानं ग्रंथपालांसाठी स्टूल आणला, पण ते बसले नाहीत. लाकडी खांबाला कोपर टेकून उभे राहिले. पिवळी मारबत गेली, काळी गेली. ढोल, गुलाल, शिव्या. महागाईचा बडग्या गेला. ग्रंथपाल हसत होते, एकदा तर टाळीही वाजवली त्यांनी.

मग आमचा आला. दोन पुरुष उंचीचा, कागदाच्या लगद्याचा, एकावर एक सहा रंगांचे कोट, डोक्यावर बिशपची टोपी. एक पाय मोकळा सोडलेला होता आणि त्याला दोरी होती. त्याच पायाच्या गुडघ्यावर एक हात खिळ्यानं पक्का ठोकलेला होता. मागून पोरगा दोरी ओढायचा, की खांदा खाली जायचा आणि पाय फरफटत पुढे यायचा. पोरांनी काम फार नीट केलं होतं. चूक शोधायला जागा नव्हती.

मी ग्रंथपालांकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, पण मी समोरच बघत राहिलो. तेवढ्यात पोरांना मी दिसलो.

"सर! सर आले रे!" एक जण ओरडला. "सर, चालून दाखवा नं! लंगडा करून दाखवा!"

बडग्या थांबला. ढोल थांबले. रस्त्यावर रिंगण झालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. 'सर, चाला! सर, चाला!'

मला 'नाही' म्हणता आलं असतं. हात जोडून हसून टाळता आलं असतं. गुलालानं डोळे चुरचुरतात म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी पायऱ्या उतरलो. खाली गेलो, गुडघ्यावर हात ठेवला आणि पाच-सहा पावलं चाललो. ढोल पुन्हा सुरू झाले, गुलाल उडाला, कुणीतरी मला उचलायचा प्रयत्न केला. ती पाच-सहा पावलं मी नुसत्या गर्दीच्या धाकानं टाकली नाहीत, हे मला माहीत आहे. निम्मा धाक होता आणि निम्मी मला मजा येत होती. हे लिहिताना आजही कान तापतात.

मी वर आलो तेव्हा ते तसेच उभे होते. कोपर खांबाला, नजर रस्त्यावर. मिरवणूक पूर्ण जाईपर्यंत ते हलले नाहीत, बोलले नाहीत. स्टूल शेजारीच होता. ते बसले नाहीत.

ढोल लांब गेल्यावर ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात लागलं की ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात म्हणाले, "सर, त्याच्या हातात काठी असे. अन् त्याचा उजवा पाय अधू होता. डावा तर माहा आहे."

तीन वर्षं मी डावा पाय ओढत होतो. मुत्सद्द्याचं सोंग काढतो म्हणायला तेवढीही जागा उरली नव्हती.

"चला, उशीर होऊन राहिला मले," असं म्हणून ते पायऱ्या उतरले. आणि मी बघितलं, त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला नाही. दोन्ही हात सरळ सोडून ते त्या गर्दीतून चालायला लागले. चौथ्या-पाचव्या पावलाला ते पडता पडता वाचले. कुणीतरी दंड धरायला गेलं तर त्यांनी तो सोडवून घेतला. पण गुडघ्याला हात लावला नाही. रस्ता वळेपर्यंत ते तसेच गेले, आणि मी पायरीवर गुलालानं माखून उभा होतो.

पुढच्या आठवड्यात ते काठी घेऊन कॉलेजात आले. कुणी विचारलं तर सांगायचे, वय झालं. चाळिशी नुकतीच उलटली होती त्यांची! त्यानंतर मी त्यांना गुडघ्यावर हात ठेवून चालताना कधीही बघितलं नाही. दीक्षेच्या दिवशी एवढं चालून त्यांनी जी लाज टाकून दिली होती, ती मी त्यांना भर इतवारीत, ढोल वाजवून परत नेऊन दिली.

त्यांनी तक्रार केली नाही. प्राचार्यांकडे गेले असते तर मला बरं वाटलं असतं. मला पुस्तकं देत राहिले, त्याच सुबक अक्षरात माझं नाव लिहीत राहिले. फक्त पुस्तकात काय आहे ते सांगणं बंद झालं. "घ्या, सर," एवढंच.

एका रविवारी मी माफी मागायला सायकलवर त्यांच्या घरी गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. त्यांच्या बायकोनं चहा केला, "बसा नं भाऊ," म्हणाल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली पुस्तकांची फळी, तिथंही चिठ्ठ्या लावून नंबर टाकलेले. ग्रंथपाल समोर बसून वाट बघत होते. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, ग्रंथालयात पंखा वाढवून मागायला हवा. त्यावर अर्धा तास बोललो. ते मला दारापर्यंत सोडायला आले, काठी टेकत.

यापेक्षाही लाजिरवाणं पुढं आहे. पुढच्या वर्षी तो धडा आला. पोरांनी बाकं बडवली, खिडक्या भरल्या. मी चाललो. उजव्या पायानं चाललो, आणि हातात छडी घेतली. मनाशी म्हटलं, आता हा तोच मुत्सद्दी आहे, पुस्तकाप्रमाणे. हशा तेवढाच झाला, आणि अंगणापलीकडे कुणाला कळणार होतं की मी पाय बदलला आहे? त्यानंतरच्या वर्षी मी तो धडा सहकाऱ्याला देऊन टाकला. पोरांना सांगितलं, घसा बसला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकदा उमरेडला जायला मी एसटी स्टँडवर उभा होतो. पन्नाशीला टेकलो होतो. एक माणूस धावत येऊन पाया पडला. बडग्याची दोरी ओढणारा तोच. आता तो उमरेडकडच्या एका शाळेत इतिहास शिकवत होता. पोट सुटलेलं, खिशाला दोन पेनं, चेहरा आनंदानं फुललेला.

"सर, तुमच्यामुळंच मास्तर झालो मी," तो म्हणाला. "राज्यक्रांती अगदी तुमच्यासारखी शिकवतो. नावं नाही सांगत, लंगडा, पोलीसमंत्री असंच सांगतो. अन् हे पाहा..."

असं म्हणून त्यानं पिशवी खाली ठेवली आणि भर स्टँडवर, संत्र्यांच्या टोपल्यांमधून, गुडघ्यावर हात दाबून, खांदा पाडून तो चालून दाखवायला लागला. डावा पाय. सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण एक बारकावा सुटला नव्हता. बाकावरची माणसं हसायला लागली. "पोरं भलते खूश होतेत, सर," तो म्हणाला. "दरसाल करतो."

तेव्हा ग्रंथपाल हयात होते. निवृत्त झाले होते, त्याच घरात राहत होते, सायकलनं वीस मिनिटांवर.

मी म्हणालो, "उजवा."

"काय, सर?"

"त्याचा उजवा पाय अधू होता गा. तू डावा करून राहिला."

त्यानं जीभ चावली. खिशातून डायरी काढली, पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलं, सर. पुढच्या सालापासून उजवा करतो."

उमरेडची गाडी लागली होती, पण सुटायला दहा मिनिटं होती. डावा पाय मग कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.